वज्रपोहा: आषाढात की दसऱ्यानंतर?

शहापूरचा भाचा विचारतोय, "मामा, वज्रपोह्याला आत्ता जाऊ की दसरा झाल्यावर?" वज्रपोहा म्हणजे खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला म्हादई नदीवरचा धबधबा. दोन्ही वेळेला गेलोय, म्हणून सांगतो.

पाणी: आषाढात म्हादई तांबूस, फुगलेली. आवाज छाती हादरवतो, पण धुकं असं की धबधब्यासमोर दोन तास बसून आम्हाला फक्त आवाजच मिळाला. दसऱ्यानंतर धार बारीक, पण पूर्ण कडा दिसतो. फोटोवाल्यांनी तेव्हाच जावं.

जळवा: खरा प्रश्न हाच. आषाढात पानापानावर, शेंडा हलवत वाट बघणाऱ्या. चावल्याचं कळतच नाही. मोजा ओला लागला म्हणून बूट काढावा, तर आत रक्त. त्यांच्या लाळेमुळे ते गोठत नाही, बराच वेळ वाहतं. उपाय म्हणजे निपाणीची तंबाखू पाण्यात भिजवून मोज्यांवर चोळायची. वासानं आपल्यालाच चक्कर येते, ते सोडा. ऑक्टोबरात वाट वाळली की जळवा कमी.

वाट: गवाळी-चापोलीच्या बाजूचं हे रान. पावसात ओढे तासाभरात चढतात. जाताना घोटाभर, येताना कमरेइतकं. वन खातं पावसाळ्यात बऱ्याचदा वाट बंद ठेवतं, तेव्हा आधी चौकशी कर आणि गावातला माणूस बरोबर घे.

खर्च: सारखाच. जांबोटीपर्यंत गाडी, वाटाड्याचे पैसे, भाकरी-ठेचा घरचा.

रान अनुभवायचं असेल, गुडघे धड असतील, तर आषाढ. पण तू ताईला घेऊन जाणार म्हणतोस. मग दसरा, आणि दिवाळीच्या पुढे ढकलू नकोस.