ताणाच्या तारेत ड्रोन आणि तेवीस दिवसांची सर्व्हिस

आधी हिशोब सांगतो, म्हणजे ज्याला घाई आहे तो इथूनच मागं फिरेल. माझ्या फवारणीच्या ड्रोनच्या दुरुस्तीचं बिल ३९,७६६ रुपये. बॅटरीची जोडी वेगळी, ४४ हजारांची. ड्रोन हातात नव्हता ते दिवस २३, तेही ऐन फवारणीच्या हंगामात. इंजिनिअरला दहापैकी नऊ, सुट्या भागांच्या खात्याला तीन, आणि ज्या साहेबांनी मला ड्रोन विकला त्यांना किती द्यायचे ते त्यांचा फोन लागल्यावर ठरवू. कंपनीचं नाव लिहीत नाही. पाडला मी आणि गाजावाजा त्यांच्या नावाचा, हे बरं दिसत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात भाड्यानं फवारणी करतो. सहा पंखांचा, दहा लिटर टाकीचा ड्रोन. एक टाकी म्हणजे साधारण एक एकर, सात-आठ मिनिटांचं काम. एकरी ५०० रुपये घेतो, औषध शेतकऱ्याचं. पायलटचं सर्टिफिकेट रीतसर ट्रेनिंग घेऊन काढलंय, दहा वर्षं चालतं. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढचं वाचून ‘हा शिकलाय का नाही’ असं कुणालाही वाटेल.

जानेवारीतली गोष्ट. आण्णांचा दीड एकर आडसाली ऊस, ८६०३२ जातीचा, डोक्याच्या वर गेलेला. अशा उसात पाठीवर पंप घेऊन शिरायचं म्हणजे पाल्यानं तोंड-मान कापून घ्यायची, म्हणून तर आमचा धंदा चालतो. दिवसभरात सोळा एकर झाले होते, आण्णांचं शेवटचं. १९:१९:१९ हे विद्राव्य खत आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मारायची होती. पहिली टाकी आपोआपच्या मोडमध्ये सरळ पट्टे मारत झाली. दुसरी अर्धीच भरली. शेवटी बांधाकडंची एक पट्टी राहिली, तीन-साडेतीन मीटरची. त्या बांधावर विजेचा खांब आहे.

शेतात पाय ठेवल्यावर आधी चारी बांधांची फेरी मारायची, खांब, तारा, झाडं बघायची, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलेलं. सकाळच्या तिन्ही शेतांत मी मारली. आण्णांच्या शेतात नाही मारली. दिवस कलला होता आणि हे शेत मी लहानपणापासून बघतोय, असं मनात. आतेभाऊ माझा मदतनीस, तो पलीकडच्या टोकाला उभा पाहिजे. त्याला मी दुसरी बॅटरी जनरेटरला लावायला गाडीकडं पाठवलं. मग ड्रोन मॅन्युअलला घेतला आणि पट्टीवर आडवा सरकवत निघालो. समोर मावळता सूर्य.

खांब दिसत होता. खांबाचा ताण दिसला नाही. ताण म्हणजे खांब तोलून धरायला त्याच्या डोक्यापासून तिरकी येऊन उसात घुसलेली तार, खालचा भाग पाल्यात, वरचा उन्हात विरघळलेला. माझ्या ड्रोनचं रडार पुढं आणि मागं बघतं, कडेला बघत नाही, आणि मी सरकवत होतो कडेला. हे मला माहीत होतं.

आवाज झाला तो पंख्याचा नाही, तारेचा. एकतारीची तार जोरात छेडल्यासारखा. ड्रोन अर्धा उलटला आणि उसात गेला. वर खांबावरच्या तारा हेलकावल्या, दोन एकमेकींना लागल्या आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज उडाल्याचा फट्ट आवाज आला. ठिणगी पाचटात पडली नाही, हे आमच्या अख्ख्या शिवाराचं नशीब.

दहा मीटरवर पडलेला ड्रोन सापडायला पंधरा मिनिटं लागली. उसात शिरलं की दिशा राहत नाही. आवाजावर गेलो. बॅटरी जोडलेली होती, त्यामुळं आत कुठंतरी ते ‘पीप... पीप...’ चाललं होतं. पाला बाजूला केला तर पंखा धरणारा एक आर्म मोडलेला, टाकी तडकून खताचं पाणी सरीत, आणि एका बॅटरीच्या अंगावर पोचा. ती तिथंच सोडवली, वाळूच्या घमेल्यात घालून बांधाच्या पलीकडं मोकळ्यावर नेऊन ठेवली आणि तासभर लांबून बघत बसलो. फुगली, पण पेटली नाही.

आण्णा तोवर आले. “काय झालं रं?” म्हणाले. म्हटलं, “आण्णा, चुकलं माझं, ताण बघितला नाही.” आण्णांनी ड्रोनकडं बघितलं नाही, खांबाकडं बघितलं. “लाइटीचं काय करणार? रात्री पाण्याची पाळी आहे.” तेव्हा कळलं की माझ्या नुकसानीपेक्षा मोठं काम समोर आहे. त्या डीपीवर पाण्याच्या अकरा मोटारी. वायरमनला मीच फोन केला, काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यानं चार शब्द सुनावले ते ऐकून घेतले. आठच्या आत फ्यूज बसली. ड्रोन ओढून काढताना वीस-पंचवीस ऊस मोडले, त्याचे पैसे आण्णांनी घेतले नाहीत. फवारणीचेही दिले नाहीत, म्हणजे फिटंफाट झाली. ड्रोन नियम २०२१ मध्ये अपघाताची माहिती ४८ तासांत डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाला, ऑनलाइन द्यायला सांगितलं आहे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी भरली.

घरी आल्यावर आतेभावानं डोकं लावलं. “दादा, वॉरंटी आहे अजून पाच महिने. मोटर हवेत बंद पडली म्हणून सांग. तारेचं नावच काढू नको.” त्याला शिव्या घातल्या असं लिहिलं तर बरं वाटेल वाचायला, पण खरं सांगतो, मी त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. विम्याचं नूतनीकरण करताना तिसऱ्या पक्षाचा भाग ठेवला होता, तो सक्तीचाच आहे. स्वतःच्या ड्रोनच्या नुकसानीचा भाग काढून टाकला होता, आठ-नऊ हजार वाचवायला. त्यामुळं वॉरंटी नाही तर खिसा, एवढाच प्रश्न होता.

कंपनीचा तक्रार फॉर्म मोबाइलवर येतो. त्यात ‘अपघाताचं कारण’ म्हणून चौकोन आहेत: मोटर निकामी, बॅटरी निकामी, सिग्नल तुटला, जीपीएस गेला, सॉफ्टवेअर. पायलटची चूक असा चौकोनच नाही. फॉर्म करणाऱ्यालाही वाटलं नसेल की असं कुणी भरेल. मी ‘इतर’वर खूण केली आणि खालची जागा मोकळी सोडून पाठवला. म्हणजे अर्धंच धाडस.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा व्हिडिओ कॉल आला. बोलण्यावरून मराठवाड्यातला, वय फार तर पंचवीस. त्यानं आधी बॅटरी कुठं ठेवलीय ते विचारलं, मग घरात नाही ना हे विचारलं, मगच ड्रोन दाखवा म्हणाला. हे मला आवडलं. लॅपटॉप जोडून लॉग पाठवायला लावला. लॉग म्हणजे ड्रोनच्या डोक्यातली वही. कुठल्या सेकंदाला कुठला मोड, किती उंची, कुठल्या बाजूला किती कललेला, हातातल्या रिमोटच्या काड्या कुठं ढकललेल्या, सगळं त्यात. दहा मिनिटं त्यानं नुसतं वाचलं. मग म्हणाला, “सर, मॅन्युअल तुम्ही घेतला का आपोआप गेला?”

त्याला उत्तर माहीत होतं, समोर लिहिलेलं होतं. तरी विचारलं.

“मी घेतला. आडवा सरकवत होतो, खांबाच्या ताणाला लागला.”

“बरं झालं सांगितलंत,” म्हणाला. “आता कंट्रोलर नाही उघडत बसत. नाहीतर तो आठवडाभर तपासणीला गेला असता आणि शेवटी हेच निघालं असतं.”

ड्रोन पुण्याला नेला. कंपनी ट्रान्सपोर्टनं पाठवा म्हणाली होती, पण मला माझ्या डोळ्यांदेखत उघडायला हवा होता. मित्राची पिकअप घेतली, चार वाजता निघालो, खंबाटकीला पोचेपर्यंत पुरता उजेड झाला होता. मार लागलेली बॅटरी नेली नाही. तसली बॅटरी गाडीत घालून कुणी नेत असेल तर त्यानं माझ्या मागं गाडी चालवू नये.

सर्व्हिस सेंटर म्हणजे पत्र्याची शेड, चार टेबलं. एका टेबलावर द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारेत अडकलेला, दुसऱ्यावर शेततळ्यात बुडालेला. बघून बरं वाटलं, हे कबूल करतो.

फोनवरचाच पोरगा समोर होता. त्यानं सहाही मोटारी एकेक करून हातानं फिरवल्या आणि फिरत्या काठाला पेनाचं टोक अगदी हलकं टेकवलं. चांगली मोटर टोकाला एकसारखी लागते, सर्रर्र. तीन नंबरची लागायची, सुटायची, लागायची, सुटायची. “शाफ्ट वाकलाय.” मग खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि आर्मच्या कार्बनच्या नळीवर टक् टक् करत गेला. मोडलेला आर्म तर दिसतच होता. शेजारचा बाहेरून धड होता, पण मध्ये एका जागी नाण्याचा आवाज बसका आला, पिकल्या कलिंगडासारखा. “आतून थर सुटलाय. आज उडेल, महिन्यानं हवेत मोडेल.” मला तो फरक आधी कळला नाही. त्यानं नाणं माझ्या हातात दिलं, मग कळला. तेव्हापासून दर रविवारी मी सगळे आर्म नाण्यानं वाजवून बघतो.

नऊ गुण त्याचे. आता तीनवाल्या सुट्या भागांच्या खात्याकडं येऊ.

मोटर स्टॉकमध्ये नव्हती. म्हणजे होती, उजव्या फेऱ्याच्या चार पडून होत्या, मला डाव्या फेऱ्याची पाहिजे होती. अख्ख्या ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, सुट्या भागांना मुभा आहे. त्यामुळं इथं जुळणी होते आणि बऱ्याच ड्रोनच्या मोटारी बाहेरून येतात. वेळ लागणार हे मान्य. पण सहा मोटारींत तीन डाव्या असतात, त्यातली एकही शेल्फवर ठेवायची नाही आणि जानेवारीत ठेवायची नाही, हे मला कुणी समजावून सांगितलं तर ऐकायची तयारी आहे. हेल्पलाइनला रोज फोन. रोज नवा माणूस, रोज तक्रारीचा तिकीट नंबर पहिल्यापासून सांगायचा, आणि उत्तर ‘पार्ट ट्रान्झिटमध्ये आहे’. नऊ दिवस ती मोटर ट्रान्झिटमध्ये होती. दहाव्या दिवशी कळलं की ऑर्डरच सहाव्या दिवशी टाकली होती. हे मला इंजिनिअरनं खासगीत सांगितलं, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.

बदली ड्रोन मागितला, तर तो फक्त वॉरंटीतल्या दुरुस्तीला मिळतो म्हणाले. नियम वाचला, तसाच होता. गप्प बसलो. त्या दिवसांत दोन गावांची कामं दुसऱ्या ड्रोनवाल्याला दिली, त्यानं मला एकरी पन्नास देऊ केले, मी घेतले.

बिल आलं त्यात पंपाचे २,८०० लावलेले. पंप बदललाच नव्हता, जुन्या पंपावर माझ्या हातची निळी टेप तशीच होती. फोटो पाठवला, तासाभरात दुरुस्त बिल आलं, वाद घातला नाही. त्यातली फोड अशी: मोटर आणि ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) संच १३,५००, आर्म दोन मिळून ६,४००, पंखे तीन जोड ५,७००, टाकी ३,४००, पायाचा पाइप १,२००, मजुरी ३,५००, वर जीएसटी. बाहेरच्या मेकॅनिककडं मजुरी कमी पडली असती, पण त्यानं लॉग वाचला नसता आणि दुसरा आर्म तसाच राहिला असता. जुने भाग परत मागून घ्या. न मागता देत नाहीत, मागितले की देतात. माझी वाकडी मोटर सध्या टेबलावर पावत्यांवर ठेवलीय.

बॅटरीचं दुखणं वेगळं. या दोन-दोन जोडीनं चालतात. एक गेली म्हणून तिच्या जागी नवी घालून जुनीबरोबर जुंपायची नाही, जुनी आधी दमते आणि हवेत दगा देते. म्हणून जोडीच घेतली. त्यांनी बॅटरी विकताना जुनीचं काय केलं ते विचारलं आणि टाकून देण्याआधी ती पूर्ण रिकामी कशी करायची ते सांगितलं. हे मात्र सुट्या भागांच्या खात्यानं नाही, परत त्याच पोरानं.

ड्रोन आला त्या दिवशी आधी रिकाम्या टाकीनं उडवला, मग नुसत्या पाण्यानं, मग आण्णांच्या बांधावर गेलो. पट्टी राहिली होती ना. ताणाला आण्णांनी लाल फडकं बांधलं होतं, बहुतेक काकूंच्या जुन्या लुगड्याचं. चारी बांध फिरून आलो. आण्णा बांधावर बसून बघत होते, पट्टी होईस्तोवर एक शब्द बोलले नाहीत, आणि या वेळी पैसे दिले.

उडतो चांगला. कंप पहिल्यापेक्षा कमी आहे. फक्त नवा पुढचा आर्म दुमडताना बिजागरीत कट्ट असा आवाज येतो, सोमवारी फोन करणार आहे. तिकीट नंबर पाठ आहे.