सार्क की बिमस्टेक: अंतर्गत सुरक्षेच्या सहकार्यासाठी कोणते व्यासपीठ?

सांगलीच्या विश्रामबागेतील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, की शेजारी देशांच्या सुरक्षा सहकार्यावर लिहिताना सार्कवर (दक्षिण आशियाई देशांची प्रादेशिक सहकार्य संघटना) भर द्यावा की बिमस्टेकवर (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची सहकार्य संघटना)?

कायदेशीर पायात सार्क जुना आहे. त्याचा दहशतवादविरोधी करार 1987 चा, तर बिमस्टेकचा 2009 मध्ये झालेला करार अमलात यायला 2021 उजाडले. मात्र प्रत्यक्ष कामात चित्र उलटते: सार्कची शिखर परिषद 2014 नंतर झालेली नाही, उलट बिमस्टेकचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार 2017 पासून भेटत आले आहेत. निर्णय दोन्हीकडे सर्वसहमतीनेच होतात. परंतु सार्कमध्ये भारत-पाकिस्तान तणावामुळे अशी सहमती दुर्मीळ झाली आहे. बिमस्टेकलाही म्यानमार या सदस्य देशातील अस्थिरतेचे ओझे आहेच.

बंगालचा उपसागर, अमली पदार्थांची तस्करी आणि ईशान्य सीमा हा विषय असेल, तर बिमस्टेक घ्यावे. पश्चिम सीमेवरील दहशतवाद आणि सहकार्य का अडते याची मीमांसा करायची असेल, तर सार्क टाळता येणार नाही, कारण पाकिस्तान व अफगाणिस्तान बिमस्टेकमध्ये नाहीतच.