गोच्या टेस्टमध्ये टी.क्लीनअप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टी.क्लीनअप, म्हणजे टेस्ट संपल्यावर चालवायचं आवराआवरीचं फंक्शन नोंदवण्याची सोय, गो या प्रोग्रामिंग भाषेच्या 1.14 आवृत्तीत, म्हणजे 2020 साली आली, तरी बऱ्याच कोडबेसमध्ये अजून डिफरच (चालू फंक्शन संपताना ठरलेला कॉल चालवणारा कीवर्ड) दिसतो. साध्या टेस्टला तो पुरतोही. अडचण येते ती हेल्परमध्ये, म्हणजे अनेक टेस्ट वापरतात त्या मदतनीस फंक्शनमध्ये. हेल्परने डेटाबेस उघडला आणि तिथेच डिफर लावला, तर हेल्पर संपताक्षणी कनेक्शन बंद! मग बंद करायचं फंक्शनही परत द्यायचं आणि प्रत्येक टेस्टने ते न विसरता बोलवायचं. टी.क्लीनअपमुळे ही जबाबदारी हेल्परमध्येच राहते. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला.

दुसरा फायदा पॅरलल सबटेस्टमध्ये, म्हणजे एका टेस्टच्या आत एकाच वेळी चालणाऱ्या छोट्या टेस्टमध्ये. सबटेस्टने टी.पॅरलल म्हटलं की ती थांबते, पालक टेस्टचं फंक्शन पुढे जाऊन संपतं, त्याचा डिफर चालतो, आणि सबटेस्ट खऱ्या अर्थाने सुरू होतात त्यानंतर. तोवर डेटाबेस बंद झालेला असतो आणि 'डेटाबेस इज क्लोज्ड' ही एरर भलत्याच ओळीवर दिसते. टी.क्लीनअप सगळ्या सबटेस्ट संपेपर्यंत थांबतं.

क्रम मात्र नीट सांभाळावा लागतो. शेवटी नोंदवलेलं क्लीनअप आधी चालतं. टेस्टसाठी तात्पुरतं फोल्डर देणारं टी.टेम्पडिर ते फोल्डर पुसण्याची नोंद पहिल्या कॉललाच करतं. त्यामुळे आधी टेम्पडिर, मग त्यात फाइल उघडायची, एरर तपासायची आणि लगेच पुढच्या ओळीवर क्लोजचं क्लीनअप नोंदवायचं. फाइल बंद करायची राहिली तर लिनक्सवर काहीच कळत नाही, विंडोजवर मात्र उघडी फाइल पुसता येत नाही म्हणून टेस्ट फेल होते. एरर तपासण्याआधी नोंद केली तर आणखी वाईट: डेटाबेस उघडलाच नसेल तर तो निल (रिकामा) असतो, क्लीनअपमध्ये पॅनिक होतो (प्रोग्राम कोसळतो) आणि मूळ कारण शोधायला पॅनिकचा सगळा ट्रेस चाळावा लागतो.

क्लीनअपमधली एरर गिळू नका. क्लोज किंवा ड्रॉप टेबलने (टेबल पुसणाऱ्या क्वेरीने) दिलेली एरर टी.एररएफने नोंदवा; ते टेस्ट फेल ठरवतं, पण थांबवत नाही. इथे टी.फेटल नको, ते तिथेच थांबवतं. बाकीची नोंदवलेली क्लीनअप तरीही चालतात, पण त्याच फंक्शनमधल्या पुढच्या पायऱ्या राहून जातात. आणि टी.फेटल वेगळ्या गोरूटीनमधून (समांतर चालणाऱ्या कामातून) तर कधीच बोलवू नये. तिथे फक्त ती गोरूटीन थांबते, टेस्ट पुढे चालत राहते. एरर चॅनेलवर (गोरूटीनमधल्या संदेशमार्गावर) पाठवा आणि मुख्य टेस्टमध्ये तपासा.

गो 1.24 मध्ये आलेला टी.कॉन्टेक्स्ट (काम रद्द झाल्याचा इशारा पोचवणारी वस्तू) फार सोयीचा आहे, पण तो क्लीनअप चालण्याच्या जरा आधी रद्द होतो. तोच कॉन्टेक्स्ट ड्रॉप टेबलच्या क्वेरीला दिला की 'कॉन्टेक्स्ट कॅन्सल्ड' येतं आणि टेबल तसंच राहतं. क्लीनअपसाठी कॉन्टेक्स्ट.बॅकग्राउंडवर (कधीच रद्द न होणाऱ्या मूळ कॉन्टेक्स्टवर) 5 सेकंदांचा टाइमआउट लावून नवा कॉन्टेक्स्ट घ्या.

टी.क्लीनअपलाही जे जमत नाही ते आधीच गृहीत धरा. कोडमध्ये कुठे लॉग.फेटल किंवा ओएस.एक्झिट असेल (दोन्ही प्रोग्राम तिथेच बंद करतात), किंवा 10 मिनिटांचा डीफॉल्ट टाइमआउट संपला, तर क्लीनअप चालतच नाही. म्हणून टेस्टच्या टेबलांना ठरावीक उपसर्ग आणि नावात वेळ ठेवावी, आणि टेस्टमेनच्या (पॅकेजच्या सगळ्या टेस्टआधी चालणाऱ्या फंक्शनच्या) सुरुवातीलाच तासाभरापेक्षा जुनी टेबलं पुसून टाकावीत. वेळेची अट गाळली तर त्याच डेटाबेसवर शेजारी चालू असलेल्या दुसऱ्या पॅकेजची टेबलं उडतात.