रिटर्न पंप आणि ड्रेन यांचा मेळ: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे १२० × ४५ × ५० सेंमी मापाची, म्हणजे सुमारे २७० लिटरची गोड्या पाण्याची ॲक्वेरियम टाकी असून तिच्याखाली सम्प, म्हणजे टाकीतून उतरणारे पाणी गोळा करणारी दुसरी टाकी आहे. गेले नऊ महिने त्या सम्पमध्ये वेग कमी-जास्त करता येणारा डीसी रिटर्न पंप, म्हणजे ते पाणी पुन्हा वरच्या टाकीत चढवणारा पंप, चालू आहे. डब्यावर ताशी ६,००० लिटर असे छापलेले होते, पण तो आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसतानाचा असतो. पाइपाचे तोंड टाकीच्या काठावर १० लिटरच्या बादलीत धरून मी मोबाइलवर वेळ मोजली, तेव्हा सर्वांत वरच्या वेगाला बादली ११ सेकंदांत भरली. म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह ताशी सुमारे ३,३०० लिटर.

सुरुवातीला ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (टाकीतले वरचे पाणी जाळीतून ज्यात पडते तो कप्पा) एकच ड्रेन, म्हणजे पाणी खाली सम्पमध्ये नेणारा पाइप होता आणि मी पंप आठव्या वेगावर ठेवला होता. पाइप पाण्याबरोबर हवाही ओढत असल्यामुळे दिवसभर घोटघोट आवाज येई. एका रात्री वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचे पान जाळीला चिकटले आणि सकाळी फरशीवर पाणी होते. सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यातून २८ लिटर पाणी उपसले गेले होते आणि टाकीच्या काठाखाली जागा होती फक्त अडीच सेंमी, म्हणजे साडेतेरा लिटरची. उरलेले सगळे जमिनीवर आले. लाकडी स्टँडचा खालचा भाग अजूनही फुगलेला आहे, आणि तो पाहिला की मला वाईट वाटते.

त्यानंतर टाकी रिकामी करून दुसरे छिद्र पाडून घेतले. आता खालच्या पाइपावर गेट व्हॉल्व्ह (चकती फिरवून प्रवाह हळूहळू कमी-जास्त करणारी झडप) असून तो पूर्ण भरून, हवा न ओढता सायफनने वाहतो. शेजारचा उंच पाइप आपत्कालीन आहे आणि त्यावर व्हॉल्व्ह मुद्दाम बसवलेला नाही. येथे एक गोष्ट मला उशिरा उमगली. भरलेल्या पाइपाचा प्रवाह पाण्याच्या एकूण उंचीच्या, म्हणजे बॉक्समधल्या आणि सम्पमधल्या पातळ्यांतील अंतराच्या, वर्गमुळाप्रमाणे बदलतो. माझ्याकडे ती उंची ९० सेंमी आहे, त्यामुळे बॉक्समधली पातळी ५ सेंमी वाढली तरी प्रवाह जेमतेम ३ टक्के वाढतो. म्हणजे पंप आणि सायफन अगदी तंतोतंत जुळवू पाहिले, तर पातळी हळूहळू वर किंवा खाली सरकतच राहते. म्हणून व्हॉल्व्ह किंचित आवळून ड्रेन पंपापेक्षा थोडा कमी ठेवतो आणि उरलेली करंगळीएवढी धार आपत्कालीन पाइपातून जाऊ देतो. ती धार पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून उतरते, त्यामुळे तिचा आवाज येत नाही, आणि पंपात थोडा फरक पडला तर तीच तो सामावून घेते.

पंप पाचव्या वेगावर आहे. बादली २० सेकंदांत भरते, म्हणजे ताशी १,८०० लिटर, आणि या टाकीला तेवढे भरपूर आहे. साधारण सहा आठवड्यांनी ड्रेनच्या आत बुळबुळीत थर साचतो, धार जाडावते आणि तेव्हा व्हॉल्व्हची चकती पाव फेरा सैल करावी लागते. हे काम बॉल व्हॉल्व्हने जमले नसते. त्याचा दांडा जरा हलला तरी प्रवाह एकदम बदलतो.

वीज गेली की टाकीतले पाणी ३ सेंमी उतरते आणि सुमारे १६ लिटर सम्पमध्ये येते. बॉक्स आणि पाइपांतले धरून मी सम्पमध्ये २५ लिटरची जागा रिकामी ठेवतो. रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीलगत हवेचे छिद्र आहे. ते शेवाळाने बुजले तर पाणी त्याच्याही खाली उतरेल, म्हणून दर रविवारी टाचणीने ते मोकळे करतो. वीज परत आल्यावर सायफन धरायला अर्धा-एक मिनिट लागते. तेवढा वेळ आवाज होतो, मग थांबतो.

पंपाच्या कप्प्यातील पडदी सरकवल्यामुळे आता तो जास्तीत जास्त १८ लिटरच उपसू शकतो, आणि नव्या ओव्हरफ्लोमुळे टाकीच्या वर ४ सेंमी, म्हणजे २१ लिटरची जागा उरते. खात्री करण्यासाठी मी दोन्ही ड्रेन बंद करून पंप चालू ठेवला. कप्पा कोरडा पडल्याबरोबर पंप बंद केला, तेव्हा पाणी काठाच्या अर्धा सेंमी खाली थांबलेले होते.