मे महिन्याच्या सोलापुरात रायझन ५६०० पळवायचा तर: डीपकूल एके४०० चा रिव्ह्यू

कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या ह्या कूलरचे व्हिडिओ ढिगानं पडलेत पण मला सगळ्यात एकच गोष्ट खटकते. बावीस-तेवीस डिग्रीच्या एसी खोलीत बसून टेस्ट करतात अन् सांगतात फुल लोडला ६२ डिग्री, एकदम थंडगार. आमच्याकडं मे मध्ये बाहेर पारा ४२-४३ ला जातो, स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळी सातला पण ३८ असतंय, रात्री अकरापर्यंत भिंती गरमच. त्यामुळं हा रिव्ह्यू सोलापूरच्या हिशोबानं. जुळे सोलापूर, वरचा मजला, एसी नाही.

काम माझं लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं. लग्नसराई अन् ऊन दोन्ही एकदमच येतात, म्हणजे ज्या महिन्यात मशीन रात्रभर एक्स्पोर्टला लागलेलं असतं त्याच महिन्यात खोली तापलेली. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००, सहा कोअर (काम करणारे सुटे भाग) बारा थ्रेड, बेस ३.५ अन् बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ, मदरबोर्ड बी४५०. ह्याच्यासोबत बॉक्समध्ये रेथ स्टेल्थ नावाचा छोटा कूलर येतो, सगळा अ‍ॅल्युमिनियमचा, हीटपाईप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) वगैरे काही नाही. ऑफिसच्या कामाला, टॅलीला, पोरांच्या अभ्यासाला तो पुरतो, वाईट नाही. पण ५६०० ची कमाल मर्यादा ९० डिग्री आहे, अन् मे मध्ये सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपणारं टेस्टचं सॉफ्टवेअर) लावलं की तो तिथं जाऊन चिकटतो, मग प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करत ४.० च्या आसपास येऊन बसतो. पैसे ४.४ चे दिले अन् मिळतंय ४.० असा प्रकार.

एके४०० म्हणजे सिंगल टॉवर (पत्र्यांचा एकच उभा मनोरा), ६ एमएमचे चार तांब्याचे हीटपाईप, १२० एमएमचा एक फॅन, उंची १५५ एमएम. उंची का सांगतोय तर आपल्याकडं लोक स्वस्तातली बारीक कॅबिनेट घेतात अन् मग साईडची काच बसत नाही, आधी टेप लावून मोजा. वजन पाऊण किलोच्या आत. बॉक्सवर २२० वॅटची उष्णता झेलतो असं लिहिलंय, त्या आकड्याकडं फार बघू नका, ५६०० स्टॉकवर जास्तीत जास्त ७६ वॅट ओढतो.

बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवा, एएम४ (५६०० बसतो ते सॉकेट) वाल्यांनी तर नक्की. ह्या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात अन् कूलर-प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचं लॉक बंद असताना पण प्रोसेसर उपटून बाहेर येतो अन् पिना वाकतात. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळूच डावीकडं-उजवीकडं फिरवत सोडवा. मागची लोखंडी पट्टी जुनीच वापरायची, वरचे प्लॅस्टिकचे दोन ब्रॅकेट काढून टाकायचे. स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. पेस्ट मी आर्क्टिक एमएक्स-४ वापरली, वीज वाहून नेत नाही ती, इकडं-तिकडं थोडी सांडली तरी शॉर्टचं टेन्शन नाही.

आता निकाल. खोली ३८, काहीही ओव्हरक्लॉक (कंपनीच्या स्पीडच्या वर पळवणं) न करता, नुसता कूलर बदलून सिनेबेंच आर२३ चा दहा मिनिटांचा राउंड लावला तर ७६-७७ वर थांबला, स्पीड ४.२-४.३. म्हणजे खोलीपेक्षा साधारण ३८-३९ जास्त. हाच फरक बघायचा असतो कसंय, बाकी आकडा फसवा. व्हिडिओवाला ६२ म्हणतो तो त्याच्या २३ च्या खोलीत, फरक त्याचा पण ३९ च. कूलर तोच आहे, गाव वेगळंय.

इथपर्यंत कूलरचं काम झालं, पुढचं बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये. ओव्हरक्लॉक म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच येतं, व्होल्टेज वाढवा अन् स्पीड वाढवा. सोलापुरात हे उलटं करा. प्रोसेसर जी वीज खातो ती स्पीडच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे १.३५ चं १.२५ व्होल्ट केलं तर त्याच स्पीडला साधारण १४ टक्के वीज कमी, तेवढी उष्णता पण कमी. रायझन ५००० मध्ये ह्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर (स्पीडप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) आहे, पीबीओच्या (एएमडीची बूस्ट वाढवायची सोय) मेनूत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सापडेल. तिथं निगेटिव्ह करून ३० पर्यंत जाता येतं. माझा सगळ्या कोअरला उणे २० वर स्थिर आहे, तुमचा १५ वर राहील नाहीतर ३० पण घेईल, प्रत्येक चिपचं नशीब वेगळं. एवढ्यावर सगळे कोअर ४.४ ला टिकले अन् टेम्परेचर ७२. स्पीड वाढली अन् गरमी कमी झाली, एक रुपया खर्च न करता.

मग हाव सुटते. पीबीओच्या विजेच्या लिमिट बोर्डाच्या ताब्यात दिल्या अन् बूस्ट ओव्हरराइड २०० मेगाहर्ट्झ वाढवला तर साडेचारच्या पुढं पळतो, पण वीज शंभर वॅटकडं जाते अन् मे मध्ये टेम्परेचर ८८. मिळालं काय, तर एक्स्पोर्टमध्ये तीनेक टक्के. तासाभराच्या कामात दोन मिनिटं वाचतात. त्यासाठी रात्रभर फॅन बोंबलत ठेवायचा अन् मर्यादेच्या दोन डिग्री अलीकडं नाचायचं हे मला काही पटत नाही. बायोसमध्ये प्रोफाईल सेव्ह करता येतात तर मी दोन केलेत, एक उन्हाळी, एक हिवाळी. गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला, जानेवारीत, खोली २३-२४ असते, तेव्हा २०० वालं चालवतो, ७५ च्या आत राहतंय. शिवरात्र झाली की परत उन्हाळी.

टेस्टिंगबद्दल थोडं, कारण इथं बरेच जण गंडतात. व्होल्टेज कमी केलेला प्रोसेसर फुल लोडला सहसा बंद पडत नाही, तो पडतो निवांत असताना, ब्राउझर उघडलाय, गाणं चालूय अन् अचानक रीस्टार्ट. कारण हलक्या कामात एकच कोअर सगळ्यात वरच्या स्पीडला उडी मारतो अन् तिथं व्होल्टेज कमी पडतं. म्हणून नुसतं सिनेबेंच पास झालं म्हणून नाचू नका. कोअरसायकलर नावाचं फुकट टूल आहे, ते एकेक कोअर सुटा तपासतं, ते रात्रभर लावून झोपा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एरर दिसल्या की ज्या कोअरची असेल त्याचा आकडा पाच-पाचनं मागं घ्या. टेम्परेचर अन् व्होल्टेज बघायला एचडब्ल्यूइन्फो६४. गिऱ्हाईकाचं काम चालू असताना हे प्रयोग नकोत.

माझा एक मित्र आहे, गेमिंगवाला, त्याचं पहिल्यापासून एकच, "का बे, पाण्याचाच घ्यायचा की, टॉवर काय घेतोस". म्हटलं गावात नळाला पाणी चार-पाच दिवसाआड अन् ह्याच्या कॅबिनेटमध्ये चोवीस तास! चेष्टा सोडा, लिक्विड कूलर पण शेवटी खोलीतल्याच हवेवर गार होतो. पाणी फिरवा नाहीतर तेल फिरवा, खोली ३८ असेल तर ३८ च्या खाली कोणी जात नाही. बारा-सोळा कोअरचा प्रोसेसर असेल तर त्याचा उपयोग आहे, सहा कोअरच्या ५६०० ला दुप्पट-तिप्पट पैसे देऊन पाच-सहा डिग्री मिळणार अन् पंप कधीतरी जाणार ते वेगळंच. त्यापेक्षा खोलीच गार करा. आपल्याकडं उन्हाळा कोरडा असतो त्यामुळं वाळ्याचा डेझर्ट कूलर लई चांगलं काम करतो, माझ्या खोलीत पाच-सहा डिग्री सहज उतरतात अन् तेवढेच प्रोसेसरचे पण उतरतात. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका, तुषार उडतात, अन् खिडकी उघडी ठेवा नाहीतर खोली दमट होते.

धुळीचं मात्र सोलापूरचं खास आहे. पूर्व भागात ज्यांची घरं आहेत, शेजारी पॉवरलूम, त्यांना माहितीच आहे, हवेत सुताचे बारीक तंतू असतात. साधी धूळ पंख्याच्या वाऱ्यानं थोडीफार उडून जाते, हा कापूस नाही जात. तो टॉवरच्या पत्र्यांमध्ये फॅनच्या बाजूनं नमद्यासारखा बसतो अन् दोन-तीन महिन्यात वाराच बंद. अशोक चौकाकडं एका ओळखीच्याचं मशीन "कूलर खराब झालाय" म्हणून आलं होतं, नवीन कूलर द्यायची तयारी होती त्याची. फॅनच्या दोन तारांच्या क्लिपा काढल्या, मागं पत्र्यावर अख्खी चादर विणलेली! ब्रशनं ओढून काढलं, टेम्परेचर जागेवर. एके४०० चा फॅन असा क्लिपवर निघतो हे आपल्याकडच्या लोकांसाठी फार सोयीचं आहे. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरा, वाऱ्यानं भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. कॅबिनेटला पुढून दोन फॅन आत अन् मागून एक बाहेर ठेवा, म्हणजे हवा फिल्टरमधूनच आत येते, फटीतून कमी.

आवाज ठीक आहे. फॅन ५०० ते १८५० आरपीएम फिरतो, ७० डिग्रीपर्यंत मी १२०० च्या खाली ठेवलाय, छताच्या पंख्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. पूर्ण वेगात मात्र येतो.

किंमत दोन-अडीच हजाराच्या घरात, नव्या पेठेत विचारलं तर स्टॉकला नसला तरी मागवून देतात, ऑनलाईन शे-दोनशे स्वस्त पडतो. घ्यायच्या आधी बोर्ड मात्र बघा. ए३२० नाहीतर ए५२० असेल तर एएमडी तिथं ओव्हरक्लॉकिंग देत नाही, बी४५०, बी५५०, एक्स५७० पाहिजे. अन् पीबीओ चालू केलं की वॉरंटी धरली जात नाही असं एएमडी स्वतःच बायोसमधल्या सूचनेत सांगते, ते वाचून मगच ओके दाबा. नुसता कूलर बसवून बायोसला हात न लावता वापरायचा असेल तर कुठलाही बोर्ड चालतो, वॉरंटीला पण धक्का नाही, अन् मे मधले ते १३-१४ डिग्री तरी खाली येतातच.