धुळीतलं शिसं तपासून घेताना: भोसरीतल्या एका लॅबचा अनुभव

धुळीतलं शिसं तपासून देता का, असं पुण्यातल्या लॅबना फोन करून विचारलं तर बहुतेक ठिकाणी आधी 'पाण्यातलं ना?' असा प्रश्न येतो. एका ठिकाणी केर पिशवीत भरून आणा म्हणाले. भोसरी एमआयडीसीतल्या एका खाजगी लॅबमधल्या केमिस्ट बाईंनी मात्र पहिल्यांदा विचारलं, "किती जागा पुसणार आहात?" काम त्यांनाच द्यायचं, हे तेव्हाच ठरलं.

पिशवीतल्या केरावरून धुळीत शिसं किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आहे ते कळेल. पण आमची मुलगी रांगते, हात सारखा तोंडात. तिच्या हाताला एका फूटभर जागेवरून किती शिसं लागू शकतं, हे मला हवं होतं. त्यासाठी मोजून घेतलेली जागा ओल्या वाइपने पुसायची आणि त्या वाइपवरचं शिसं मोजायचं.

आम्ही नारायण पेठेत जुन्या इमारतीत राहतो. लाकडी खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. त्यात वरच्या मजल्यावर रंगकाम निघालं, जुना रंग पॉलिशपेपरने कोरडाच घासला, आणि ती भुकटी आमच्या खिडक्यांत येऊन बसली.

लॅबने वाइप, हातमोजे, झाकणाच्या नळ्या आणि ३० बाय ३० सेंटीमीटरची चौकट दिली. आधी आडवं पुसायचं, वाइपची घडी घालून मग उभं, पुन्हा घडी घालून कडा आणि कोपरे. एक कोरा वाइप काहीही न पुसता नळीत घालून परत द्यायला सांगितला, म्हणजे शिसं वाइपमधूनच आलेलं नाही ना, हे तपासता येतं. ही काळजी मला फार आवडली. प्रत्येक नमुन्याचे वेगळे पैसे लागतात, म्हणून जागा विचार करून निवडा: मूल खेळतं तिथली फरशी, खिडकीचा कट्टा, आणि झडप मिटते ती खाच.

अहवाल वेळेवर आला, पण तो वाचणं सोपं नव्हतं. आकडे 'मायक्रोग्रॅम प्रति वाइप' असे, क्षेत्रफळाचा उल्लेख नाही, तुलनेला कुठलीही मर्यादा नाही. फोन केल्यावर बाईंनी शांतपणे सगळं समजावलं आणि सुधारित अहवाल पाठवला. पण तो पहिल्यांदाच तसा यायला हवा. मी अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचे २०२४चे आकडे धरले: साफसफाईनंतर एका चौरस फुटात फरशीवर ५, खिडकीच्या कट्ट्यावर ४० आणि खाचेत १०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. आमची फरशी त्याच्या आत होती. कट्ट्याचा आकडा मात्र १८०.

कुठल्याही लॅबला एक नक्की विचारा: तुमच्या मशिनला कमीत कमी किती शिसं दिसतं? अहवालात नुसतं 'बीडीएल' (म्हणजे मशिनला दिसतं त्यापेक्षा कमी) लिहिलेलं असेल आणि ती खालची मर्यादाच वीस मायक्रोग्रॅमची असेल, तर फरशीच्या बाबतीत त्या कागदाचा काही उपयोग नाही. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं नाव पाहून थांबू नका, धुळीच्या वाइपची चाचणी लॅबच्या त्या मान्यतेत येते का तेही विचारा. रंग बदलणारी ऑनलाइन किट मी घेतली नाहीत. ती रंगाच्या थरासाठी ठीक. धुळीतलं इतकं सूक्ष्म प्रमाण त्यांतून कळत नाही. आणि मुलाच्या शरीरात शिसं गेलंय का, हे फक्त रक्ताच्या तपासणीतून कळतं. ती बालरोगतज्ज्ञांकडे वेगळी मागावी लागते, आम्ही मागितली.

खिडक्यांना झाडू लावणं बंद केलं. साबणाच्या पाण्याने, फडकी बदलत बदलत पुसून काढलं आणि कट्ट्याचा नमुना पुन्हा दिला: २५. झडप चौकटीला घासते तिथला रंग अजून सुटतोय. तो ओला करून, खाली प्लास्टिक अंथरून काढायचाय. मुलीला त्या दिवसांत आजोळी ठेवणार आहोत, आणि तिला परत आणण्याआधीचा नमुनाही याच लॅबला देणार आहे.