सहकारनगरचं जुनं घर आईसाठी बदललं, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्यांचं पुण्यातल्या नारायण पेठेतलं बिऱ्हाड पाण्यात गेलं, त्यामुळे इथे बांधताना त्यांनी जोतं चांगलं अडीच फूट उंच घेतलं, पाणी परत घरात शिरायला नको म्हणून. त्याच पाच पायऱ्यांमुळे गेल्या वर्षी आई घरात अडकली. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेली, व्हीलचेअर आली.

रॅम्पबद्दल आधी सांगतो कारण सगळ्यात जास्त भांडण त्याच्यावरच झालं. एक फूट चढायला बारा फूट लांबी हा हिशोब, म्हणजे आम्हाला तीस फूट हवा आणि अंगण जेमतेम बावीस. ठेकेदार म्हणाला पंधरा फुटात बसवतो, ढकलायला माणूस आहेच की. मी हट्टाने पंधरा-पंधराचे दोन टप्पे आणि मधे वळायला पाच फुटांची सपाट जागा करून घेतली, अंगणातली जास्वंद त्यात गेली त्याचं वाईट वाटलं, पण आज आईला खाली उतरवताना खुर्ची हातातून सुटेल अशी भीती वाटत नाही. चढवताना फक्त दम लागतो हो, खरी परीक्षा उतरताना असते.

मागे आर्किटेक्टकडून नकाशा करून, परवानगी काढून, खालच्या खोलीला लागून नवीन बाथरूम काढली. खोलीतून तिकडे जायचं दार अडीच फुटी होतं, ते तीन फूट करायचं तर नऊ इंची विटांची भिंत, वरचा सगळा भार तिच्यावर, म्हणून स्लॅबला टेकू लावून नवीन लिंटेल, म्हणजे दारावरची भार घेणारी आडवी तुळई, टाकावी लागली. ह्यात घाई करू नका. आत खुर्ची वळायला पाच फुटांचा गोल लागतो, तो मी आधी अंगणात खडूने काढून आईला त्यात फिरवून बघितलं. कमोडखाली तीन इंचांचा ओटा केला, आता तो खुर्चीच्या सीटच्या लेव्हलला आहे, सरकणं सोपं जातं.

चूक कुठे झाली तर कमोडशेजारी धरून उठायच्या हँडलमध्ये. प्लंबरने सोयीची भिंत बघून ते उजवीकडे लावलं, मी पण उभा राहून बघत होतो, लक्षात नाही आलं. आईचा उजवा हातच चालत नाही! पहिल्या दिवशी ती बसून राहिली आणि मला हाक मारली, तो आवाज अजून कानात आहे. दुसऱ्या दिवशी डावीकडे बसवलं. तेव्हापासून रात्री ती मला उठवत नाही, एकटी जाऊन येते. सगळ्या खर्चात हे हँडल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं. दुसरं म्हणजे बाथरूमला उंबरा नाही म्हणून पहिले दोन आठवडे पाणी खोलीत यायचं, फरशी उखडून उतार परत काढला आणि दारात आडवी जाळी टाकली, आता कोरडं असतं.

घरातले बाकी उंबरे काढले, पण मुख्य दाराचा काढू नकोस असं आई म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्यावर रांगोळी काढत आलीये. सुताराने तोच सागवानी उंबरा खाली खाचेत बसवला, फरशीच्या बरोबरीने. चाक वरून जातं आणि दिवाळीत तिने डाव्या हाताने त्याच्यावर लक्ष्मीची पावलं काढली, वाकडी आली, तिने पुसू दिली नाहीत.

रॅम्पला गुळगुळीत टाइल नको, आम्ही आडव्या रेघा मारलेला कोबा केलाय, तरी पावसाळ्यात आंब्याच्या सावलीमुळे शेवाळ धरलं, दर रविवारी तारेच्या ब्रशने घासत होतो. सपाट जागेवर पाणीही साचतं, तिथे उतार कमी पडला. पुढच्या जूनच्या आत वर पत्रे टाकायचेत, माप घेऊन झालंय.